सोन्याच्या विटा, कापसाच्या गाठी आणि जतची ट्रॉली : अपघाताच्या चौकशीचा इतिहास

१/
१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत जहाज फुटले आणि सोन्याच्या विटा दूरवर उडाल्या, ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. त्या स्फोटाची चौकशी कशी झाली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. हा धागा त्या चौकशीचा आहे. त्याचे एक टोक व्हिक्टोरिया गोदीत आहे, तर दुसरे सांगली जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील जत तालुक्यात.

२/
जहाजाचे नाव फोर्ट स्टिकीन. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत पोहोचले. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीत त्यावर कापसाच्या सुमारे ८७०० गाठी आणि वंगण तेलाची पिंपे चढवण्यात आली. कापूस, तेल आणि दारूगोळा एकाच जहाजात आले, ते कोणा माथेफिरूच्या लहरीने नव्हे. युद्धकाळात जहाजे अपुरी होती आणि रिकामी जागा वाया घालवणे कोणालाच परवडत नव्हते.

३/
१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमध्ये आग असल्याचे ध्यानात आले. धूर इतका दाट होता की आगीचे मूळ सापडेना. ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले, ते पाणीच उकळू लागले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. सुमारे १७०० किलोमीटरवरील शिमल्याच्या भूकंपमापक यंत्रानेही त्या हादऱ्याची नोंद घेतली.

४/
मृतांची संख्या ८०० ते १३०० अशी निरनिराळी सांगितली जाते. गोदीतील अनेक हमालांची निश्चित गणतीच होऊ शकली नाही, यावरून त्या काळी मजुराच्या नोंदीची काय अवस्था होती ते कळते. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

५/
युद्ध ऐन भरात होते, त्यामुळे घातपाताचा संशय येणे स्वाभाविक होते. एखादा हेर किंवा एखादा विडी ओढणारा हमाल सापडला असता, तर प्रकरण तेथेच मिटले असते. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याने आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गाठींत असल्याचा निष्कर्ष काढला, पण तेथे न थांबता पुढचा प्रश्न विचारला : आग लागली, तर तिचा स्फोट का झाला?

६/
उत्तरात एकामागून एक चुका उघड झाल्या :
• स्फोटकांच्या खालीच कापूस रचला होता.
• धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता.
• स्फोटके उतरवण्यास विलंब झाला.
• होल्डमध्ये वाफ सोडून आग कोंडण्याची सोय वापरली गेली नाही.
• अग्निशमन दलाला वर्दी उशिरा मिळाली.

७/
ही यादी सावकाश वाचावी. यातील प्रत्येक चूक निराळ्या माणसाच्या, निराळ्या वेळच्या निर्णयाची आहे. काही निर्णय तर मुंबईपासून शेकडो मैलांवर, कराचीच्या धक्क्यावर झाले. एकटी चूक शहर जाळण्याइतकी मोठी नव्हती. साखळीतील एक कडी निखळली असती, तरी कदाचित त्या संध्याकाळी आग विझवून माणसे घरी परतली असती.

८/
अशी दृष्टी त्या काळी रूढ नव्हती. १९३१ मध्ये अमेरिकेतील विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी औद्योगिक अपघातांवर ग्रंथ लिहिला. ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतीमुळे होतात, असे त्यांनी मांडले. आधार होता मुख्यतः मालकांनी आणि पर्यवेक्षकांनी भरलेल्या अहवालांचा. अहवाल लिहिणाऱ्याने स्वतःची चूक कितीदा लिहिली असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. तरीही तो आकडा जगभर पसरला. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे चौकशीचे ठरलेले शेवटचे वाक्य झाले.

९/
कायदा मात्र यंत्राकडे आधीच बोट दाखवत होता. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानेच धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे बंधनकारक केले होते. गिरणीत हात पट्ट्यात सापडला, तर हात तेथे गेलाच कसा, हा एक प्रश्न. पट्टा उघडा का होता, हा दुसरा. शंभरांहून कमी कामगारांच्या कारखान्यांना तो कायदा लागू नव्हता, हे त्याचे अपुरेपण.

१०/
स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. अपघाताची सूचना निरीक्षकाला देणे मालकावर बंधनकारक होते. पुढे झालेल्या दुरुस्तीने मृत्यू झाल्यास सूचना मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत चौकशी करण्याचे बंधन आले. चौकशी ही मेहेरबानी उरली नाही, ते कर्तव्य ठरले.

११/
तरीही जुने वाक्य मेले नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सुटला. एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले, असा दावा कंपनीने केला. परंतु टाकी थंड ठेवणारी यंत्रणा महिनोन्‌महिने बंद होती आणि सुटलेला वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. पाणी कसे शिरले, या वादाचा निकाल काहीही लागो, हे रक्षक आधीच गैरहजर होते.

१२/
१९९० मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हाच विचार सिद्धान्ताच्या रूपात मांडला. प्रत्येक संरक्षण म्हणजे भोके असलेला पडदा. सर्व पडद्यांची भोके एका रेषेत आली की संकट आरपार जाते. शेवटच्या पडद्यापाशी उभा असलेला माणूस सर्वांना दिसतो. आधीचे पडदे कोणी फाडले, ते शोधावे लागते.

१३/
आता जत. १९४४ मध्ये येथे डफळे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. पर्जन्यछायेतील या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल टनांवर फेडायची असते. म्हणून तोड अंधारात सुरू होते आणि भरलेली ट्रॉली पुष्कळदा अंधारातच रस्त्याला लागते.

१४/
ट्रॉली उलटली, तर नोंद होते रस्ते-अपघाताची आणि दोष येतो चालकाच्या निष्काळजीपणावर. साखर कारखान्याच्या आवारात यंत्रात सापडलेल्या माणसासाठी कारखाने निरीक्षक येतो. त्याच कारखान्याचा ऊस वाहताना वाटेत मेलेल्या माणसासाठी तो येत नाही, कारण फड आणि रस्ता म्हणजे कारखाना नव्हे. चालक किती तास जागा होता? ट्रॉलीवर किती टन होते? मागे रिफ्लेक्टर होता का? खेपांची घाई कोणी लावली? १९४४ च्या आयोगाने जे विचारले, ते येथे विचारणारा अधिकारीच नेमलेला नसतो.

१५/
मालक नेमका कोण, हे ठरत नाही म्हणून हे घडते, असे उत्तर मिळते. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. पण हा पेच महाराष्ट्राने एकदा सोडवला आहे. मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या हमालांनाही एकच मालक नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि मालक, कामगार व शासन यांची मंडळे उभी राहिली. हमालाचे नाव नोंदवहीत आले, त्याची जबाबदारी कोणाची हे ठरले.

१६/
इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. गोदीच्या चौकशीने शिकवले की, दोषी सापडला म्हणजे कारण सापडले असे नाही. माथाडी कायद्याने शिकवले की, ज्याची नोंद नाही त्याच्या मृत्यूची चौकशीही होत नाही. जतच्या कोयत्याला या दोन्हींची गरज आहे.

१७/
फोर्ट स्टिकीनच्या सोन्याच्या विटा गोदीच्या गाळातून पुढे अनेक वर्षे सापडत राहिल्या आणि प्रत्येक विटेची मोजदाद ठेवली गेली. त्याच गोदीत मेलेल्या हमालांचा आकडा आजही अंदाजाने सांगावा लागतो.