दिवाळी अंकांतील विज्ञानकथा, चित्रकथा आणि वाचकांचा प्रतिसाद : एक ऐतिहासिक अभ्यास
(सोलापूरच्या वाचनसंस्कृतीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

मराठी वाङ्मयीन नियतकालिकांच्या इतिहासात दिवाळी अंकाचे स्थान अनन्यसाधारण आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी विशेषांक काढला आणि एका सणाला वाचनाची जोड मिळाली. त्यानंतरच्या शतकभरात कथा, कविता, विनोद, व्यंगचित्र, ज्योतिष, रहस्य अशा अनेक प्रकारांना या अंकांनी आश्रय दिला. विज्ञानकथा हा त्यांपैकीच एक प्रकार होय. विज्ञानकथेच्या लेखकांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. परंतु ती कथा आवडीने वाचणाऱ्या, पुढच्या दिवाळीपर्यंत तिची वाट पाहणाऱ्या वाचकाविषयी वाङ्मयेतिहास जवळजवळ मौन पाळतो. हे मौन का निर्माण झाले आणि त्यामुळे कोणता इतिहास हरवण्याच्या मार्गावर आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दिवाळी अंकांतील विज्ञानकथा व चित्रकथा यांची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) पाश्चात्त्य विज्ञानकथा-चित्रनियतकालिकांतील वाचकप्रतिसादाशी मराठी वाचकप्रतिसादाची तुलना करणे.
३) मराठी वाचकाचा प्रतिसाद कोणत्या मार्गांनी व्यक्त झाला, हे सोलापूरच्या संदर्भात तपासणे.

लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला आहे.

विज्ञानकथेची मराठी पार्श्वभूमी :

मराठीत विज्ञानकथा प्रथम आली ती अनुवादाच्या वाटेने. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळकोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. १९२८ साली पुण्यात सुरू झालेल्या 'सृष्टिज्ञान' मासिकाने विज्ञानविषयक वाचनाची आवड जोपासली. स्वातंत्र्योत्तर काळात भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या कुमारवाचकांसाठी मराठीत आणल्या. अनंत अंतरकरांनी 'हंस' (१९४६) नंतर 'मोहिनी' आणि 'नवल' ही मासिके काढली. त्यांपैकी 'नवल'ने अद्भुत, गूढ आणि विज्ञान यांच्या सीमेवरील कथांना हक्काची जागा दिली. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यासारख्या लेखकाने भयकथा आणि विज्ञानकथा दोन्ही लिहिल्या, आणि त्यांचा वाचकही या दोहोंत फारसा भेद न करता दोन्ही वाचत असे. वाचकाच्या दृष्टीने 'पुढे काय होणार' ही उत्कंठा महत्त्वाची होती. कथेचा प्रकार ठरविण्याचे काम समीक्षकांचे होते आणि त्यांनी ते बऱ्याच उशिरा हाती घेतले.

चित्रांचा वाटा :

दिवाळी अंक हा वाचण्याइतकाच पाहण्याचाही अंक होता. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी 'दीपावली'तून, तर रघुवीर मुळगावकर यांनी 'रत्नप्रभा'तून चित्रांना अंकाच्या केंद्रस्थानी आणले. १९५१ साली सुरू झालेल्या 'आवाज'ची खिडकीचित्रे तर वाचकाला पान उघडून पाहायलाच लावत. मात्र केवळ चित्रकथांना, त्यातही विज्ञानविषयक चित्रकथांना वाहिलेले नियतकालिक मराठीत दीर्घकाळ टिकले नाही. ही उणीव भाषांतरित कॉमिक्सने भरून काढली. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडिया समूहाने सुरू केलेली 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला मराठीतही निघत असे. वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांच्याबरोबर अंतराळवीर फ्लॅश गॉर्डनही तिच्यातूनच मराठी मुलांच्या भेटीला आला. १९९० साली ही माला बंद पडली. दुसरीकडे नोव्हेंबर १९७१ मध्ये बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केले आणि त्याच्या दिवाळी अंकाने शाळकरी वाचकांपर्यंत गोष्टी, चित्रे व विज्ञान एकत्रित पोहोचविले.

याचा परिणाम असा झाला की, दिवाळीच्या सुट्टीत मराठी घरातील मोठ्यांची विज्ञानकथा एका अंकात आणि मुलांची चित्रकथा दुसऱ्या पुस्तकात राहिली. पाश्चात्त्य देशांत मात्र या दोहोंचा संगम एकाच नियतकालिकात झालेला आढळतो. म्हणून तेथील वाचकांच्या प्रतिसादाकडे वळणे आवश्यक ठरते.

पाश्चात्त्य वाचक आणि पत्रांचे पान :

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. या पत्त्यांमुळे वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले, मंडळे स्थापन झाली आणि विज्ञानकथेचा चाहतावर्ग संघटित झाला. पुढे १९५० मध्ये ईसी या प्रकाशनसंस्थेने 'विअर्ड सायन्स' आणि 'विअर्ड फँटसी' ही चित्रनियतकालिके काढली. एका अंकात अनेक स्वतंत्र चित्रकथा आणि सोबत वाचकांच्या पत्रांचे पान अशी त्यांची रचना होती.

या संदर्भात रे ब्रॅडबरी यांचे उदाहरण बोलके आहे. १९५२ साली ईसीने त्यांच्या दोन कथा परवानगीविना एकत्र करून एक चित्रकथा छापली. ब्रॅडबरी यांनी संतापाचे पत्र न पाठवता, आपले मानधन पाठवायचे नजरचुकीने राहून गेले असावे, अशा सौम्य शब्दांत संस्थेला लिहिले. त्यातून त्यांच्या कथांच्या अधिकृत चित्ररूपांतराचा मार्ग मोकळा झाला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'जजमेंट डे' या चित्रकथेत नारिंगी व निळ्या यंत्रमानवांमधील भेदभाव पाहून एक अंतराळवीर त्या ग्रहाला संघराज्यात प्रवेश नाकारतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो, तेव्हा तो कृष्णवर्णीय असल्याचे वाचकाला कळते. या कथेचे ब्रॅडबरी यांनी पत्र लिहून मनःपूर्वक स्वागत केले. १९५६ साली पुनर्मुद्रणाच्या वेळी नियंत्रण यंत्रणेने याच चौकटीला आक्षेप घेतला. तरीही संस्थेने कथा बदल न करता छापली.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी १९७७ पासून निघणाऱ्या '२००० एडी' या साप्ताहिकाने तर संपादक म्हणून परग्रहवासी थार्ग हे पात्रच निर्माण केले. वाचकांच्या पत्रांना उत्तरे देतो तो हा थार्ग. डिसेंबर १९९९ पासून या साप्ताहिकाचा वर्षअखेरचा अंक नाताळाच्या सुट्टीसाठी शंभर पानांचा निघू लागला. त्यातील कोणती कथा जमली, कोणती फसली, याचा निवाडा वाचक पत्रे लिहून करीत. पुढच्या काही आठवड्यांत त्याच नियतकालिकात तो छापून येण्याची सोयही होती.

वार्षिक अंक आणि प्रतिसादाची अडचण :

येथेच मराठी परिस्थितीतील मूलभूत फरक स्पष्ट होतो. साप्ताहिकाला पुढचा आठवडा असतो, मासिकाला पुढचा महिना असतो. केवळ दिवाळीला निघणाऱ्या वार्षिक अंकाला मात्र पुढचा अंक वर्षभराने येतो. कार्तिकात वाचलेल्या कथेविषयीचे पत्र पुढच्या आश्विनात छापण्यात औचित्य उरत नाही. शिवाय त्या अंकाची पाने नव्या कथांसाठी आणि जाहिरातींसाठी राखलेली असतात. त्यामुळे वाचकांची पत्रे संपादकाच्या टेबलावर किंवा लेखकाच्या घरी पोहोचली, तरी ती छापील रूपात क्वचितच उरली. पत्ते छापले गेले नाहीत, म्हणून वाचकाची वाचकाशी गाठ पडली नाही. वृत्तपत्रांतील 'दिवाळी अंकांचे स्वागत' या सदरांत अंकाची ओळख काही ओळींत उरकली जात असे. तेथे एखाद्या विज्ञानकथेवर स्वतंत्र अभिप्राय येणे दुर्मीळच होते.

याचा अर्थ मराठी वाचक उदासीन होता, असा काढला जातो. परंतु तो तर्काला धरून नाही. पत्र छापले गेले नाही म्हणून मत नव्हते, असे म्हणता येत नाही. मत व्यक्त होण्याचे मार्ग वेगळे होते, एवढेच म्हणता येते.

'कृष्णविवर' : वाचनाची एक कसोटी :

अशा मार्गांपैकी सर्वांत महत्त्वाचा मार्ग म्हणजे स्पर्धा. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा आयोजित केली. १९७४ साली या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कथेवर लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची होती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतली होती. परीक्षकांवर नावाचा प्रभाव पडू नये, हा त्यामागील हेतू होता.

ही घटना लेखकाच्या चरित्रातील गमतीदार प्रसंग म्हणून नेहमी सांगितली जाते. वाचकप्रतिसादाच्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे. येथे परीक्षकांनी एका अनोळखी जगतापांची कथा निव्वळ वाचक म्हणून वाचली आणि ती पसंत केली. म्हणजेच मराठी वाचनाची भूमी विज्ञानकथेसाठी आधीच तयार होती. लेखकाच्या कीर्तीने ती अचानक निर्माण झाली नाही. त्यानंतर मासिकांकडून आणि दिवाळी अंकांकडून विज्ञानकथेला मागणी वाढली. नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह १९७९ मध्ये आला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांसारख्या लेखकांनी हा प्रवाह रुंदावला. संपादक दरवर्षी विज्ञानकथा मागतो, याचा अर्थ त्याचा वाचक ती वाचतो. ही मागणी हाच वाचकाचा न छापलेला अभिप्राय होय. २०२१ साली नाशिक येथील ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना लाभले. तो सन्मान या वाचकवर्गाचाही होता.

सोलापूरचा संदर्भ :

दुसरा मार्ग वाचनालयाचा. सोलापूर हे गिरण्यांचे आणि हातमाग-यंत्रमागांचे शहर. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची 'जुनी गिरणी', सुरू झाली. पद्मशाली विणकरांची तेलुगू, कर्नाटकाच्या सीमेची कन्नड, तसेच उर्दू आणि मराठी अशा भाषा या शहरात शेजारी नांदतात. १९४७ साली तेलुगू व तमीळमध्ये सुरू झालेल्या 'चांदमामा'चे मराठी रूप 'चांदोबा' १९५२ मध्ये आले. अद्भुताची गोडी एका भाषेत लागावी आणि ती भूक दुसऱ्या भाषेत भागवावी, अशी सोय सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरात सहज उपलब्ध होती. ज्या घरात मराठी ही शाळेची भाषा आहे, तेथे चित्रांचे महत्त्व अधिक असते, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

कष्टकरी व मध्यमवर्गीय कुटुंबाला अनेक दिवाळी अंक विकत घेणे परवडणारे नसते. त्यामुळे महाराष्ट्रातील अन्य शहरांप्रमाणे येथेही वाचनालयांची दिवाळी अंक योजना हाच वाचनाचा मुख्य आधार राहिला. ठरावीक रक्कम आगाऊ भरायची आणि पुढील काही महिने एकेक अंक बदलून न्यायचा, असे तिचे स्वरूप असते. या योजनेत कोणता अंक पहिल्यांदा मागितला जातो, कोणता सतत बाहेर असतो, कोणता कपाटातून हलतच नाही, यावरून वाचकांची पसंती ग्रंथपालाला नेमकी कळते. कोणत्या कथेची पाने हाताळून मळली आहेत आणि कोणती कोरी आहेत, हेही अंक पाहताच दिसते. पाश्चात्त्य वाचकाने पत्रात जे लिहिले, ते मराठी वाचकाने देवघेव नोंदवहीत सहीनिशी नोंदवून ठेवले, असे म्हणता येईल.

दुर्दैवाने हीच साधने सर्वांत असुरक्षित आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली आला आणि ग्रंथालयांना अनुदानाचा आधार मिळाला. पुस्तकांची दाखल नोंद ठेवली जाते, पण नियतकालिकांना सहसा तेवढे महत्त्व मिळत नाही. दिवाळी अंक हंगाम संपल्यावर रद्दीत जातात. त्यांच्यामागोमाग जुन्या देवघेव नोंदवह्याही जातात. जे अंक बांधणी करून जपले जातात, त्यांतून अनेकदा मुखपृष्ठ आणि जाहिराती गळतात. बालभारतीने 'किशोर'चे जुने अंक संगणकीय स्वरूपात सर्वांसाठी खुले केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु अशा प्रयत्नांत अंक वाचतो. तो कोणी, किती वेळा आणि कोणत्या क्रमाने वाचला, ही नोंद वाचत नाही.

निष्कर्ष :

१) मराठी विज्ञानकथेचा वाचक पाश्चात्त्य वाचकापेक्षा कमी उत्साही नव्हता. त्याच्या प्रतिसादाला वार्षिक अंकाच्या रचनेत छापील जागा नव्हती.
२) विज्ञानकथा आणि चित्रकथा वेगवेगळ्या नियतकालिकांत विभागल्या गेल्याने संघटित चाहतावर्ग निर्माण होण्यास मर्यादा पडल्या.
३) स्पर्धा, संपादकांची मागणी आणि वाचनालयातील देवघेव ही मराठी वाचकप्रतिसादाची प्रमुख साधने आहेत.
४) वाङ्मयेतिहास केवळ लेखक आणि ग्रंथ यांच्या आधारे लिहिल्यास वाचकाचा वाटा अदृश्य राहतो.

समारोप :

१९४१ आणि २००६ अशी साहित्य संमेलने भरविणाऱ्या सोलापूर शहरात वाचनाची परंपरा जुनी आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी परिसरातील वाचनालयांशी बोलून, निर्लेखनाची यादी करण्यापूर्वी जुन्या देवघेव नोंदवह्या आणि दिवाळी अंक जतन करण्याचे काम हाती घेतल्यास एक मोठे संशोधनसाधन वाचू शकेल. वाचकांची नावे गोपनीय ठेवूनही त्यांची आवड अभ्यासता येते. या कामाला फार खर्च नाही, परंतु वेळ मात्र थोडा आहे. कारण रद्दीची गाडी दरवर्षी येते, आणि एकदा गेलेली नोंदवही पुन्हा मिळत नाही.