कळकलेले दूध

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या जुन्या गावांत घरोघरचा संसार जेव्हा तांब्यापितळेच्या भांड्यांवर उभा होता, तेव्हा बारा बलुत्यांत ज्याची गणना नाही आणि गावच्या दप्तरात ज्याच्या नावे हक्काचा दाणाही मांडलेला नाही, असा एक फिरस्ता कारागीर बाजाराच्या कडेला खळगा खणून, त्यात भाता बसवून, गृहिणींची वाट पाहत बसे. हा कल्हईवाला. चिंचेने व राखेने घासलेले पातेले तो निखाऱ्यांवर तापवी, त्यात नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर उठताच कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला रस एका फेऱ्यात सर्वांगी फिरवी. (कापसाच्या या मुलखात बोळ्याची वाण कधीच पडली नसावी.) कथील 232 अंशांवर वितळते, म्हणून एवढ्या तुटपुंज्या भट्टीवर हे काम भागे, आणि नवसागर धातूवरचा गंज काढून टाकी, म्हणून कथील घट्ट धरे.

कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते, हे आपल्या आजीबाईंना कोणी शिकवावे लागले नाही. तांब्याच्या संसर्गाने अन्नाला येणाऱ्या विकृत चवीसाठी मराठीने एक स्वतंत्र क्रियापदच राखून ठेवले आहे. रसशास्त्रकारांनीही अशुद्ध ताम्राचे आठ दोष सांगताना त्यांत वांती आणि भ्रम यांची गणना केली. आंबट जिन्नसाविषयीची ही सावधगिरी दुधाला मात्र लागू झाली नाही, कारण दूध सोज्ज्वळ.

या गाफीलपणाचा जाब पुण्यात मागितला गेला. एक ते तीन वर्षांच्या मुलांचे यकृत दगडासारखे कठीण होऊन काही महिन्यांत मूल दगावे, असा एक रोग भारतातच विशेषेकरून आढळे, आणि त्या यकृतांत तांबे बेसुमार साठलेले असे. केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या मुलांच्या आहाराची चौकशी केली, तेव्हा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेले व ठेवलेले जनावराचे दूध त्यांना फार लवकर सुरू झाल्याचे दिसले. हा निष्कर्ष 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दुधातील प्रथिन तांबे धरून ठेवते, हे पुढे सिद्ध झाले. जन्मजात प्रवृत्तीचाही त्यात वाटा असावा, असे मानणारा पक्ष आहेच.

उपाय होता पेनिसिलामाइन. शरीरातील तांबे खेकड्याच्या नांगीप्रमाणे पकडून मूत्रावाटे बाहेर नेणारे हे औषध जॉन वॉल्श यांनी 1956 साली विल्सनच्या व्याधीवर योजले होते. किनियर विल्सन यांनी 1912 साली वर्णिलेल्या त्या आनुवंशिक व्याधीत तांबे यकृताबरोबर मेंदूतही साचते, हात कापतात, वाचा अडखळते, बुद्धी मंदावते, आणि वेळीच औषध मिळाले तर मेंदू पुष्कळसा सावरतो. पुण्याच्या मुलांतही कावीळ व जलोदर होण्याआधी औषध मिळालेली काही वाचली. पण रोग मुलखातून निघून गेला तो औषधाने नव्हे, तर पितळ माळ्यावर गेले, त्याच्या जागी स्टील आणि ‘जर्मन’ आले, म्हणून.

नियतीची थट्टा अशी की, ज्या जर्मनने, म्हणजे ॲल्युमिनियमने, कल्हईवाल्याची भट्टी विझवली, त्याच्यावरच पुढे म्हाताऱ्यांची स्मृती हरण केल्याचा आरोप आला. 1991 साली कॅनडात स्मृतिभ्रंशाच्या 48 रुग्णांपैकी काहींना ॲल्युमिनियम व लोह पकडणारे औषध दोन वर्षे टोचले गेले, त्यांचा ऱ्हास मंदावल्याचे दिसले, आणि नांगीवरची श्रद्धा बळावली. भांड्यावरचा आरोप मात्र पुढे शाबीत झाला नाही. उरला लोहावरचा संशय; पण यकृतातील तांबे आणि मेंदूतील लोह यांच्या सादृश्याची मला प्रथमपासून शंका वाटते, कारण मुलांच्या यकृतातील तांबे बहुतांशी पातेल्यातून आलेले होते, तर वृद्धाच्या मेंदूतील लोह त्या मेंदूच्या नित्य कामकाजातले आहे. एक कळक, दुसरा घरचाच ऐवज. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोह पकडणारे डेफेरिप्रोन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना दिले, तेव्हा मेंदूतील लोह खरोखर घटले, आणि औषध घेणाऱ्यांची बुद्धी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने खालावली.