आजोबांच्या तोंडचा इतिहास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीवर गोटमार होते. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. ही दगडांची लढाई मुळात का पेटली? कोणी पळवून नेलेल्या कन्येची कथा सांगतो, कोणी भोसल्यांच्या फौजेचा दाखला देतो. पाहणाऱ्यांना वेळीच विचारले नाही, म्हणजे इतिहासाची अशी दंतकथा होते.

कोरियाने हा धोका फार मोठी किंमत देऊन ओळखला. 25 जून 1950 रोजी तेथे युद्ध सुरू झाले. त्या डिसेंबरात हुंगनाम बंदरातून ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या एकाच मालवाहू जहाजाने सुमारे 14,000 निर्वासित दक्षिणेस नेले. 27 जुलै 1953 रोजी युद्धविराम झाला. परंतु सीमा बंदच राहिली. मायलेकरे दोन्हीकडे अडकली. दक्षिणेत पोहोचलेल्यांतही कितीकांची गर्दीत ताटातूट झाली होती.

तीस वर्षांनी, 30 जून 1983 च्या रात्री, सोलच्या केबीएस दूरचित्रवाणीने या लोकांना बोलते केले. दीड तासाचा योजलेला कार्यक्रम 138 दिवसांत 453 तास 45 मिनिटे चालला. लहानपणी हरवलेल्यांना स्वतःचे नावही आठवत नसे. मग अंगावरचा एखादा व्रण साक्षीला येई. अशा खुणांवरून 10,189 पुनर्भेटी घडल्या. 2015 मध्ये युनेस्कोने हे ध्वनिचित्रण जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदविले.

उत्तरेकडील आप्तांची भेट मात्र दुर्लभच राहिली. 2000 ते 2018 या काळात प्रत्यक्ष भेटींचे 21 मेळावे झाले. पण नाव नोंदविलेल्या सुमारे 1,34,000 जणांपैकी बहुसंख्य आता निवर्तले आहेत. म्हणूनच दक्षिण कोरियाच्या शासनाने 2005 पासून वृद्धांचे निरोप चित्रफितींवर घेण्यास आरंभ केला. भेट झाली नाही, तरी आवाज नातवंडांपर्यंत पोहोचावा, एवढाच हेतू.

पांढुर्णा-सौंसरला असे युद्ध आले नाही. पण रेघ आली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, या मराठी तहसिली मध्य प्रदेशात राहिल्या आणि राजधानी भोपाळला गेली. बाजार आणि सोयरीक नागपूरकडे, कचेरी दुसरीकडे! तो दिवस कळत्या वयात पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत.

नातवंडांनी त्यांच्याजवळ बसावे. गाव, साल, माणसांची नावे विचारावीत. मध्येच दुरुस्ती करू नये, सांगितले तसेच टिपावे. ध्वनिमुद्रणाचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. सांगणारा मात्र नेहमी ओसरीवर बसलेला सापडणार नाही.