मुंबई प्रांताच्या पंतप्रधानाची निवड, १९३७

भारत सरकारच्या १९३५ च्या कायद्याने प्रांतांत जबाबदार राज्यपद्धती आली. तथापि मंत्रिमंडळाचा प्रमुख निवडण्याचा थेट अधिकार मतदारांस नव्हता. विधानसभेचा विश्वास लाभेल अशा नेत्यास गव्हर्नरने पाचारण करावयाचे होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १७७६ च्या संविधानानुसार विधिमंडळच गव्हर्नर निवडीत असे. पण तेथे ती लेखी तरतूद होती. मुंबईत खरा निर्णय बहुमताच्या पक्षाच्या बैठकीत व्हावयाचा होता व तिला कायद्यात स्थान नव्हते.

१९३७ च्या प्रारंभीच्या निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. मुंबई शहर काँग्रेसचे अध्यक्ष व माजी महापौर खुर्शेद नरिमन हेच पंतप्रधान होतील, असा सार्वत्रिक समज होता. बॅकबे भरणीयोजनेतील गैरव्यवहारांवरील टीकेमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. परंतु मार्चमध्ये काँग्रेस आमदारांनी बाळ गंगाधर खेर यांस नेता निवडले. गव्हर्नराच्या विशेषाधिकारांच्या वादामुळे काँग्रेसने प्रथम अधिकारग्रहण नाकारले. मधल्या काळात धनजीशहा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ होते. खेरांनी जुलैमध्ये सूत्रे हाती घेतली.

सरदार वल्लभभाई पटेलांनी आपले वजन खर्च करून निवड फिरविली, असा नरिमन यांचा आरोप होता. महात्मा गांधी व विधिज्ञ बहादुरजी यांनी चौकशी केली. तीत पटेल निर्दोष ठरले. उलट १९३४ च्या मध्यवर्ती विधानसभेच्या निवडणुकीतील वर्तनाबद्दल नरिमन दोषी ठरले व काँग्रेस कार्यकारिणीने त्यांस विश्वासाच्या पदास अपात्र ठरविले. चौकशीचा रोख आमदारांवर दडपण आले काय, एवढ्यापुरताच होता. श्रेष्ठींची नापसंती ठाऊक असता मत कितपत मोकळे राहते, हा अधिक अवघड प्रश्न तीत सुटला नाही.

पटेलांबरोबर काँग्रेसच्या संसदीय उपसमितीवर असलेले व पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांच्यासह स्थानबद्ध झालेले (१९४२–४५) मौलाना आझाद यांनी मात्र नरिमन यांवर अन्याय झाल्याचे आपल्या आत्मकथनात नमूद केले. बिहारमध्ये सय्यद महमूद यांस डावलल्याचे उदाहरणही त्यांनी त्याच संदर्भात दिले. महमूदही त्याच किल्ल्यातील बंदी होते. हे आत्मकथन १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा नरिमन (मृ. १९४८), पटेल (मृ. १९५०), खेर (मृ. १९५७) व स्वतः आझाद (मृ. १९५८) यांपैकी कोणीही हयात नव्हते.