बेताची मिळकत आणि आवाजाची निवड : दोह्याच्या बाजाराचा एक इतिहास

कतारच्या इतिहासाचे ग्रंथ चाळले असता तेलाच्या विहिरी, इंग्रजांशी झालेले तहनामे आणि राज्यकर्त्या घराण्याची वंशावळ यांचे वर्णन विपुल आढळते. परंतु त्या मुलखात पोटासाठी आलेल्या माणसाने दिवसभराचे काम आटोपल्यावर आपल्या खोलीत कोणता आवाज ऐकला, तो ऐकण्यासाठी कोणते यंत्र घेतले आणि त्यापायी दरमहाच्या पगारातून किती रक्कम बाजूला काढली, याची नोंद कोणत्याही दप्तरात सहसा सापडत नाही. आज दोह्यात ‘होम थिएटर’साठी स्पीकरांचा संच घेऊ पाहणारा बेताच्या मिळकतीचा गृहस्थ ज्या विवंचनेत असतो, तीच विवंचना निराळ्या यंत्रांच्या निमित्ताने त्याच्या आधीच्या पिढ्यांनीही अनुभवली आहे, आणि त्या अनुभवाचे सार काढावयाचे तर एवढेच निघते, की ज्याने माणसाचा शब्द स्वच्छ ऐकू येण्याला पहिला मान दिला आणि दणदणाटाला नंतरचा, त्याचा पैसा सत्कारणी लागला.

या किनाऱ्यावर आवाज विकत घेण्याचा प्रसंग पूर्वी येतच नसे. उन्हाळ्याचे चार महिने मोत्यांच्या शोधात समुद्रावर असणाऱ्या गलबतांवर ‘नह्हाम’ या नावाने ओळखला जाणारा गायक नेमलेला असे. शीड चढविताना आणि वल्ही मारताना खलाशांच्या श्रमाला लय देणे हे त्याचे काम होते. किनाऱ्यावर परतल्यानंतर तीच मंडळी एकत्र जमून मिरवास नावाचा छोटा ढोल आणि जहला म्हटली जाणारी मातीची घागर यांच्या साथीने गात. या मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती आणि त्यांना भोके पाडून त्यांची प्रतवारी लावण्याचे कसबही तेथेच वसले होते. जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी हा व्यवसाय बुडविला, आणि दुखान येथे १९३९-४० मध्ये तेल लागूनही महायुद्धामुळे विहिरी बंद ठेवाव्या लागल्याने कतारवर दारिद्र्याची दीर्घ छाया पडली. १९४९ च्या अखेरीस तेलाची पहिली निर्यात झाली, तेव्हा कोठे हातात पैसा खेळू लागला.

पैशापाठोपाठ वीज आली. दोह्याच्या मुशैरिब भागातील ज्या रस्त्यावर प्रथम विजेचे दिवे लागले, त्याला लोक ‘शारा अल-कहरबा’ म्हणजे विजेचा रस्ता म्हणू लागले, आणि विद्युत् उपकरणांची दुकानेही स्वाभाविकपणे त्याच आसपास थाटली गेली. त्या काळी येथे रेडिओ घेणारा मनुष्य, मग तो अरब असो वा हिंदी, किंमत मोजीत असे ती रुपयांतच. १९५९ मध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी स्वतंत्र नोटा काढल्या; त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर छापलेले असे. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर मात्र ही व्यवस्था मोडली, कतारने आपले चलन निराळे केले आणि १९७३ पासून कतारी रियाल स्वतंत्रपणे चलनात आला. २५ जून १९६८ रोजी कतारचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि १९७० मध्ये दूरचित्रवाणीही आली. रेडिओच्या त्या युगात एकच ध्वनिक्षेपक असे, तो बहुधा लाकडी पेटीत बसविलेला असे, आणि बातमीतील प्रत्येक शब्द समजणे ही ग्राहकाची पहिली अपेक्षा असे.

१९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या आणि रत्नागिरी, रायगडकडील तरुण मोठ्या संख्येने आखातात जाऊ लागले. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेल्या कॅसेटचा त्यांच्या जीवनावर झालेला परिणाम कोणत्याही शासकीय अहवालात मापला गेलेला नाही. पत्र लिहिणे ज्यांना जड जाई, त्यांनी आपला आवाज कॅसेटवर भरून घरी धाडला. आणि मुदत संपवून परतणाऱ्याच्या सामानात रेडिओ व टेपरेकॉर्डर एकत्र असलेले ‘टू-इन-वन’ यंत्र हमखास असे. भारतात परदेशी यंत्रांवर भारी जकात असल्याने हा जिन्नस गावात प्रतिष्ठेचा ठरला. कतार आणि भारत या दोन्ही देशांत विजेचा दाब जवळजवळ सारखा, म्हणजे २३० ते २४० व्होल्ट असल्यामुळे दोह्यात घेतलेले यंत्र कोकणात केवळ पिन बदलून चालू शके; अमेरिकेहून आणलेल्या ११० व्होल्टच्या यंत्राला ही सोय नव्हती.

घरात चित्रपटगृहाचा ध्वनी आणण्याची कल्पनाही या कालखंडात आकारास आली. ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने त्याआधीच, १९३१ मध्ये, दोन वाहिन्यांच्या ध्वनीचे पेटंट मागितले होते. डॉल्बी कंपनीचे सराउंड तंत्र १९८२ मध्ये घरोघरी पोचू लागले, आणि डीव्हीडीचा प्रसार १९९६ नंतर झाल्यावर पुढे तीन, मागे दोन आणि खर्जासाठी एक अशी सहा वाहिन्यांची मांडणी रूढ झाली. याच सुमारास ‘पीएमपीओ’ या नावाने हजारो वॅटचे आकडे छापलेली खोकी बाजारात आली. तो आकडा अत्यल्प क्षणापुरत्या कल्पित शक्तीचा असे. सतत टिकणारी शक्ती, जी ‘आरएमएस’ या मापाने सांगितली जाते, ती त्या आकड्याचा एक लहानसा अंशच असे. एकाच किमतीत सहा पेट्या मिळतात या आनंदात असंख्य कष्टकऱ्यांनी आपली बचत अशा खोक्यांत घातली. ते भोळे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खरी माहिती त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचविलीच नाही.

वास्तविक ती माहिती गहन नाही. सहा वाहिन्यांच्या मांडणीत चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तेव्हा रक्कम थोडी असेल तर ती आधी पुढच्या स्पीकरांवर खर्च करावी आणि मागचे स्पीकर व सबवूफर पुढच्या बोनसवर सोडावे. पुढची जोडी चांगली असली, तर समोर मध्यावर बसणाऱ्याला संवाद पडद्यातूनच आल्यासारखा ऐकू येतो, म्हणून मधला स्पीकरही काही काळ थांबू शकतो. आवाज तीन डेसिबलने वाढवावयाचा तर ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करावी लागते. म्हणून एका वॅटला ८७ ऐवजी ९० डेसिबल देणारा स्पीकर घेतला तर निम्म्या शक्तीच्या, म्हणजेच स्वस्त ॲम्प्लिफायरवर भागते. आणि सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज कोठून येतो हे कानाला ओळखता येत नाही, त्यामुळे सबवूफर एकच पुरतो आणि तो सोयीच्या कोपऱ्यात ठेवता येतो. मात्र हाच खर्ज भिंतीतून पलीकडे जातो, आणि एका व्हिलाचे अनेक भाग पाडून जेथे कुटुंबे राहतात, तेथे पलीकडच्या खोलीत रात्रपाळीचा मनुष्य झोपलेला असतो, याचे भान ठेवणे हा शेजारधर्म आहे.

करार संपवून मायदेशी निघालेल्यांचे सामान नजमा भागातील ‘सूक अल-हराज’ या जुन्या वस्तूंच्या बाजारात येते, आणि काटकसरी माणसाला चांगला स्पीकर तेथे मिळू शकतो. घेताना समोरची जाळी काढून स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या कडेचे वर्तुळ न्याहाळावे. ते फोमचे असेल तर आखाताच्या उष्ण, दमट हवेत काही वर्षांनी ते भुसभुशीत होते आणि बोट लावताच त्याचे कण गळू लागतात. रबराचे असेल तर बहुधा शाबूत असते. पडद्याचा मध्यभाग दोन्ही बाजूंनी सारख्या दाबाने हलकेच आत ढकलून पाहावा. घासल्याची खरखर बोटांना जाणवली, तर आतली तारेची गुंडाळी जागेवरून सरकली आहे असे समजावे आणि किंमत कितीही उतरवून दिली तरी तो सौदा सोडावा.

राहता राहिला खोलीचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर दोह्याच्या जुन्या घरांतच होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून जे प्रयोग केले, त्यांत दुसऱ्या सभागृहातील बैठकीच्या गाद्या आणून त्यांनी एका व्याख्यानगृहातील घुमणारा आवाज मोजून कमी करून दाखविला, आणि ध्वनिशास्त्राचा एक पायाभूत नियम त्यातून सिद्ध झाला. अरबांच्या मजलिसीत भिंतींलगत गाद्या-लोड आणि जमिनीवर जाड गालिचे पिढ्यान्‌पिढ्या होतेच. आजच्या सदनिकेत फरशी, काच आणि उघडे काँक्रीट असल्याने शब्द घुमतो आणि त्यावर वातानुकूलन यंत्राची अखंड घरघर हलके संवाद गिळून टाकते. अशा खोलीत महाग स्पीकर आणण्याआधी एक जाड गालिचा, एक दाट पडदा आणि भिंतीलगत पुस्तकांचे भरलेले कपाट आणावे. त्यांचा उपयोग ताबडतोब कानाला कळतो.

जुनी मुशैरिब वस्ती २०१० च्या सुमारास पाडून तेथे नवे नगर उभारले गेले. अल-कहरबा हे रस्त्याचे नाव मात्र नव्या नकाशातही राखले आहे. यंत्रे बदलली, चलन बदलले, दुकानांची जागा बदलली. अल्प मिळकतीच्या ग्राहकाला उपयोगी पडणारा विवेक बदललेला नाही. आधी खोली, मग पुढची जोडी, मग ॲम्प्लिफायर, आणि उरलेल्या शिलकीतून यथावकाश बाकी सारे, हा क्रम ज्याने पाळला त्याला थोडक्या रियालांतही आपल्या भाषेतील नाटक, अभंग आणि चित्रपट परमुलखात स्पष्ट ऐकता येतात. कष्टाच्या पैशाला एवढे मोल मिळवून देणे हे ज्ञानाचेच काम आहे, आणि ते ज्ञान दुकानदाराच्या खोक्यावर न सोडता ग्राहकांनी एकमेकांना देत राहिले पाहिजे.