‘हळू’ची कुळकथा : उल्हास खोऱ्यातील एक शब्द

इंग्रजीतील ‘जेंटली’ या क्रियाविशेषणास मराठी प्रतिशब्द विचारला असता ‘हळू’ हे उत्तर तत्काळ मिळते आणि तितक्याच तत्काळ ते अपुरे पडते. ‘जेंटल’ या विशेषणाचे मूळ लॅटिन भाषेतील कुळवाचक शब्दात आहे. आधी कुलीन, मग कुलीनास शोभणारे, आणि त्यानंतर सौम्य, असा त्याचा अर्थविकास झाला. मराठीतील सौम्यतेला असा कुळाचा आधार नाही. ‘हळू’ हा शब्द वजनातून आला आहे. कल्याणच्या पुढे उल्हास नदीच्या खोऱ्यात उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे आहेत. या वजनाच्या खुणा तेथे आजही तपासून पाहता येतात.

संस्कृत ‘लघु’चे प्राकृतात ‘लहु’ झाले आणि पुढे वर्णविपर्यय होऊन ‘हलु’ झाले. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘लघुक’ची ‘हलुअ’ व ‘लहुअ’ ही दोन्ही रूपे नोंदविली आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके 982 (इ. स. 1060) चा शिलाहारकालीन लेख संस्कृतात असल्यामुळे त्या काळच्या लोकांच्या तोंडचा उच्चार त्यावरून कळत नाही. राजलेखांचा हा स्वभावच आहे. शके 1212 (इ. स. 1290) च्या ज्ञानेश्वरीत मात्र ‘हळुवारपण’ हा शब्द पहिल्याच अध्यायात भेटतो. चकोराच्या पिलांनी चांदण्यातील कोवळे अमृतकण वेचावे तसे श्रोत्यांनी कथेकडे यावे, असा तो प्रसंग आहे. तेथे वेगाचा प्रश्नच नाही. चित्ताने आपला भार कथेवर पडू देऊ नये, इतकेच सांगायचे आहे. त्याच स्थळी मनाला लावलेले ‘मवाळ’ हे विशेषण ‘मृदु’च्या वंशातले. 1907 च्या सुरत काँग्रेसमधील फुटीनंतर जहालांच्या प्रतिपक्षाचे नाव म्हणून ते रूढ झाले आणि त्याला भित्रेपणाची छटा चिकटली, ती पुरती गेलेली नाही.

भाराचा हा मूळ अर्थ ध्यानी घेतला म्हणजे ‘हळू’चे आजचे प्रयोग उलगडतात. ‘हळू ठेव’ म्हणजे आदळू नकोस, ‘हळू बोल’ म्हणजे आवाज उतरव, ‘हळू चाल’ म्हणजे वेग कमी कर. तिन्हींत कमी करावयाचा आहे तो भारच. कधी हाताचा, कधी स्वराचा, कधी पावलांचा. नुसता ‘च’ जोडला की मात्र सौम्यता मागे पडते व चोरटेपणा येतो. ‘हळूच निघून गेला’ यात कोणाची नाजूक काळजी नाही. ‘अलगद’चे वर्तन याहून विचित्र. फूल अलगद उचलतात आणि चोरही अलगद सापडतो. ‘सावकाश’मध्ये अवकाश आहे, म्हणून तो काळाचा शब्द, घाई नको एवढेच तो सांगतो. मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 साली निघाला. एका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी शब्द एका रांगेत मांडणे ही अशा कोशाची अपरिहार्य रीत आहे. रांगेतील शब्द परस्परांच्या जागी चालतात, हा समज मात्र कोशकाराचा नव्हे, वापरणाऱ्यांचा. जखमेवरची पट्टी ‘सावकाश’ काढा असे भाषांतर केले तर रुग्णाला वेळ मिळेल, वेदना टळतीलच असे नाही.

दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसती झाली. 1949 साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांच्या भाषेत वजनाला हलके या अर्थी ‘हलको’ आहे, तसाच फारसीतून आलेला ‘आहिस्ते’ही आहे. मराठीतील ‘आस्ते’ त्याच फारसी शब्दाचे रूप. म्हणजे निर्वासितांच्या बोलीतील हे दोन्ही शब्द येथे परके नव्हते. बाजारातला हिंदी ‘धीरे’ तेवढा वेगळ्या घराण्याचा. त्याच्या मुळाशी धीर, म्हणजे स्थैर्य आहे.

‘लघु’च्या वंशातील सर्वांत उद्बोधक शब्द कोशात न शोधता बदलापूरकडील भाताच्या खाचरांत शोधावा. लवकर पिकणारे भात ते हळवे, उशिरा पिकणारे ते गरवे, मधले निमगरवे. ‘गरवा’ हा ‘गुरु’चा वंशज, हेमचंद्राच्या काळचे ‘हलुअ’ आणि ‘गरुअ’ हे जोडपे शेतकऱ्याने असे जपले. वरकस, पाणी न धरणाऱ्या जमिनीत हळवे लावायचे, खोलगट भागात गरवे. येथे लघुत्व वजनाचे नाही, मुदतीचे आहे. भारापासून काळापर्यंतचा जो प्रवास ‘हळू चाल’मध्ये घडला, तोच पिकाच्या नावातही घडला. नागर मराठीने यातील एकच शब्द उचलला आणि तो मनाला लावला. मन हळवे होते; गरवे मन कोणी म्हणत नाही.

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 98,000 होती, 2011 मध्ये ती सुमारे 1,74,000 झाली. खाचरांच्या जागी इमारती आल्या, त्या प्रमाणात ‘गरवे’ म्हणण्याचे प्रसंग घटले. जोडीदारावाचून उरलेला ‘हळवा’ शहरी कानाला केवळ भावनेचा शब्द वाटतो. त्याची भातातली बाजू नोंदवायची तर ती खाचरे कसलेली माणसे गावठाणांत आहेत तोवरच.