वीस मिनिटे आणि काचेची नळी

कुकडी प्रकल्पाचे पाणी जुन्नर-आंबेगावच्या शिवारात फिरले, ऊस वाढला. उसात उंदीर आणि उंदरामागे घोणस. ती चावली की पाय मांडीपर्यंत सुजतो, काळानिळा पडतो. बरोबर आलेली माणसे म्हणतात, ‘डॉक्टर, चिरा द्या, विष काढा.’ पूर्वी ब्लेड घरीच चालायचे. कडुलिंबाचा पाला कडू लागला नाही तर विष चढले, अशी पारखही घरातच व्हायची. पाल्याने फार तर वेळ जाई. ब्लेडने जीव जाऊ शकतो.

कारण घोणसीचे विष रक्त गोठवणारे घटक आधी पेटवते आणि मग संपवून टाकते. उरते ते न गोठणारे रक्त. सूज कितीही भयंकर दिसो, गोठण सुधारण्याआधी सुरी लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

मग ठरवायचे कसे? शिरेतले दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिले तर प्रतिविष द्यायचे. सहा तासांनी पुन्हा तपासायचे, कारण यकृताला नवे फायब्रिनोजेन तयार करायला तेवढा वेळ लागतो.

या नळीचे मूळ बोस्टनला आहे. 1913 मध्ये ली आणि व्हाइट यांनी नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत मांडली. पुढे डेव्हिड वॉरेल यांनी नायजेरियातल्या सर्पदंशाच्या रुग्णांसाठी ती सोपी केली. उलटा प्रवास तर आणखी नवलाचा. 1934 मध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी याच घोणसीचे विष अतिशय विरळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला वापरले, दात काढल्यावरसुद्धा.

एरवीच्या शस्त्रक्रियेआधी तालुक्याच्या गावी ‘बीटी-सीटी’ सर्रास होते. यातली बीटी ड्यूकची, 1910 सालची. तेव्हा कानाच्या पाळीला टोचत. शस्त्रक्रियेत कोणाला जास्त रक्तस्राव होईल हे तिच्यावरून कळत नाही, हे 1990 नंतर पुरेसे स्पष्ट झाले आहे. दात काढल्यावर, बाळंतपणात रक्त थांबले होते का, घरात कोणाला असा त्रास आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे प्रश्न माझ्या मते जास्त कामाचे आहेत.

सर्पदंशात मात्र नळीच हवी, आणि ती काचेचीच. काचेच्या स्पर्शानेच गोठण सुरू होते. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही पातळच राहू शकते. सगळीकडे प्लास्टिक आले आहे. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर अनेक वर्षे काम केले. त्या परिसरातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या कपाटात अशा चार-दोन कोऱ्या नळ्या असायला हव्यात.